डाव्या पायाचा स्टॉपर आणि चौदा लाखांचं पत्र

पोर्तुगालला फुटबॉल खेळायला जाण्याचा प्रस्ताव आला तेव्हा मुलाचं वय १७ वर्षं ५ महिने होतं. उंची सहा फूट एक इंच, डाव्या पायाचा स्टॉपर, म्हणजे गोलसमोर मधोमध उभा राहणारा बचावपटू, बारावी कॉमर्स. वडील दिंडोरी तालुक्यातले द्राक्षबागायतदार, स्वतःचा माल नेदरलँड्सला पाठवणारे. आई शिक्षिका, घर गंगापूर रोडला. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत आणि लिहायला घरच्यांची हरकत नाही. मी त्याचा कोच नव्हे. जिल्ह्यातल्या मुलांची नोंदणी, क्लब बदल, वयाचे दाखले असली कागदपत्रं बघून देतो, म्हणून त्याचे वडील फाइल घेऊन माझ्याकडे आले.

फाइलमध्ये पोर्तुगालमधल्या खालच्या श्रेणीतल्या एका क्लबाच्या लेटरहेडवरचं आमंत्रण होतं आणि मुंबईच्या एका मध्यस्थाचा बारा पानी करार. दहा महिने निवास, रोज दोन वेळा सराव, वरिष्ठ संघात संधी, आणि वर्षाच्या शेवटी व्यावसायिक करार होण्याची ‘दाट शक्यता’. खर्च १४ लाख. त्यातले ५ लाख पंधरा दिवसांत भरायचे, आणि ते कुठल्याही कारणानं परत मिळणार नाहीत.

काळही असा होता की कुणालाही मोह पडावा. २०२५ च्या जुलैत आयएसएलचा, म्हणजे इंडियन सुपर लीगचा, पुढचा हंगाम अनिश्चित काळासाठी थांबवल्याचं क्लबांना कळवलं गेलं, आणि ऑगस्टपर्यंत काही क्लबांनी खेळाडूंचे पगारही थांबवले. आपल्याच देशातल्या सगळ्यात वरच्या लीगचा हा हाल बघितल्यावर ‘इथं काय ठेवलंय’ असं सतरा वर्षांच्या पोराला वाटलं तर त्याचं काय चुकलं? त्यात गाव नाशिक. इथं खेळाडू घडत नाहीत असं नाही. कविता राऊत इथलीच, रोइंगमध्ये रिओ ऑलिंपिकपर्यंत गेलेला दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातला. पण फुटबॉलचं नाव काढलं की लोक कोल्हापूरकडे बोट दाखवतात. आपल्याकडच्या मुलाला बाहेरून कुणी बोलावलं, हेच घरात इतकं मोठं झालं होतं की पत्र नीट वाचायचं राहूनच गेलं होतं.

कागद वाचल्यावर

फिफाच्या खेळाडू नोंदणी व बदली नियमावलीत कलम १९ आहे. त्यानुसार एका देशातून दुसऱ्या देशात बदली होऊन नोंदणी व्हायची तर खेळाडू १८ वर्षांचा हवा. अपवाद मोजके आहेत. युरोपीय संघातल्या देशांना आपसांत १६ वर्षांची सवलत आहे, सीमेजवळच्या, म्हणजे ५० किलोमीटरच्या पट्ट्यातल्या मुलांना आहे, निर्वासितांना आहे, आणि आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणानं त्या देशात राहायला गेले असतील तर आहे. बाग सोडून हे आई-वडील पोर्तुगालला जाणार नव्हते. या कलमाचा दट्ट्या किती मोठा आहे याचं उदाहरण म्हणजे २०१४ मध्ये खुद्द बार्सिलोनाला अल्पवयीन खेळाडूंच्या प्रकरणात सलग दोन ट्रान्स्फर विंडोंची, म्हणजे खेळाडूंची बदली-नोंदणी खुली असते त्या ठरावीक काळांची, बंदी झाली. तिथं खालच्या श्रेणीतल्या क्लबाची काय कथा.

आता तारखा मांडल्या. मुलगा सप्टेंबरमध्ये जाणार, अठरा पूर्ण होणार मार्चमध्ये. युरोपातली हिवाळी विंडो साधारण जानेवारीअखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला बंद होते. म्हणजे तो नोंदणीला पात्र होईल तेव्हा दार बंद झालेलं असेल आणि व्यावसायिक म्हणून नोंदणी थेट उन्हाळ्यात होईल, तोवर हे दहा महिने संपलेले असतील. नोंदणी नाही म्हणजे अधिकृत सामना नाही. चौदा लाखांत सराव, मैत्रीपूर्ण सामने आणि फोटो मिळणार होते. हा हिशोब एका कागदावर मांडून वडिलांपुढे ठेवला तेव्हा ते बराच वेळ तारखांवरून बोट फिरवत बसले.

मग कराराकडे वळलो. मध्यस्थानं पाच वर्षांसाठी मुलाचे सगळे हक्क स्वतःकडे घेतले होते. फिफाच्या एजंट नियमावलीप्रमाणे खेळाडूबरोबरचा प्रतिनिधित्वाचा करार जास्तीत जास्त दोन वर्षांचा असू शकतो, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून परवानाधारक एजंटशिवाय हे काम कुणी करायचंच नाही. परवाना परीक्षा देऊन मिळतो, तोही व्यक्तीला, कंपनीला नव्हे, आणि परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. आम्ही ती तिथंच मोबाइलवर उघडली. करारावर सही करणाऱ्याचं नाव यादीत नव्हतं. फोन केल्यावर उत्तर आलं, “अहो, आमचं पार्टनर तिकडे लायसन्सवाला आहे.” पार्टनरचं नाव काही शेवटपर्यंत मिळालं नाही.

आणखी एक वाक्य होतं जे अनेक करारांत सर्रास सापडतं: भविष्यातला व्यावसायिक करार वैद्यकीय तपासणी आणि वर्क परमिट मिळण्यावर अवलंबून राहील. हेही नियमात बसत नाही. कलम १८ स्पष्ट सांगतं की कराराची वैधता या दोन गोष्टींवर टांगती ठेवता येत नाही. तपासणी करायची ती क्लबानं सहीच्या आधी करायची. सही झाल्यावर ‘गुडघ्यात काहीतरी दिसतंय’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

व्हिसाबद्दल करारात एकच ओळ होती: अल्पमुदतीच्या शेंगेन व्हिसावर या, पुढचं तिथं बघू. त्या व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, आणि प्रस्ताव दहा महिन्यांचा होता. उरलेल्या दिवसांत मुलगा तिथं कोणत्या नात्यानं राहणार होता? २०२३ च्या जूनमध्ये उत्तर पोर्तुगालमधल्या एका खासगी फुटबॉल अकादमीवर तिथल्या परदेशी नागरिक विभागानं छापा घातला होता. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, आशियातून आणलेली मुलं, त्यातली बरीच अल्पवयीन, तिथं सापडली आणि मानवी तस्करीच्या संशयावरून चौकशी लागली. आमच्या हातातलं पत्र त्यातलं होतं असं मी म्हणत नाही. पण अशा ठिकाणी गेलेल्या मुलांच्या आई-वडिलांनाही आधी असंच एखादं छान छापलेलं पत्र आलं असणार.

इथं वडील स्वतःच म्हणाले, “माझं कंटेनर रेसिड्यूच्या रिपोर्टशिवाय आणि फायटो सर्टिफिकेटशिवाय जेएनपीटीतून हलत नाही. घेणाऱ्याची पत बघितल्याशिवाय मी पेटीसुद्धा भरत नाही. आणि पोराला पाठवायला निघालो होतो नुसत्या पत्रावर.” त्यानंतर मला फारसं समजवावं लागलं नाही.

स्टॉपर चाचणीत दिसत नाही

कागद खोटे किंवा कच्चे आहेत एवढ्यावर थांबता आलं असतं. पण मुलाचा प्रश्न रास्त होता: “सर, हा माणूस चुकीचा असेल. दुसरा बरोबर असला तर मी जाऊ का?” या प्रकरणाचं खरं पोट इथं आहे, कारण त्याचं उत्तर तो कोणत्या जागेवर खेळतो यावर अवलंबून होतं.

पुढे खेळणाऱ्याला दहा दिवसांच्या चाचणीत काहीतरी दाखवता येतं. दोन गोल मारले, एखाद्याला ड्रिबल करून गेला, की बघणाऱ्याच्या वहीत नाव चढतं. स्टॉपरचा चांगला दिवस म्हणजे काहीच न घडलेला दिवस. तो दोन पावलं आधी सरकला म्हणून पास आलाच नाही, त्यानं साइड बॅकला, म्हणजे कडेच्या बचावपटूला, वेळेवर हाक मारली म्हणून मागची जागा रिकामी पडली नाही. अनोळखी दहा जणांबरोबर, अनोळखी भाषेत, तीन दिवसांपूर्वी भेटलेल्या जोडीदाराशेजारी उभं राहून यातलं काही दिसणं जवळपास अशक्य. उलट एक चूक लगेच दिसते, कारण ती गोलात संपते. गोलकीपर आणि दोन स्टॉपर यांचं जमायला महिने लागतात. म्हणून कोच या जागा चालू हंगामात सहसा हलवत नाहीत आणि नव्या परदेशी पोरावर तर नाहीच नाही.

या मुलाकडे एक जमेची बाजू होती, डावा पाय. डावीकडचा स्टॉपर डाव्या पायाचा असला की मागून चेंडू बाहेर काढताना कोन खुला मिळतो, आणि असे खेळाडू सगळीकडे कमीच. पण नुसत्या पायावर करार होत नाही. संपूर्ण सामन्यांचे व्हिडिओ लागतात, नव्वद मिनिटांचे, त्यातही हरलेले. मुलाकडे काय होतं, तर गाणं लावलेली तीन मिनिटांची हायलाइट रील, त्यात अकरा हेडर आणि चार स्लायडिंग टॅकल, म्हणजे जमिनीवर घसरत जाऊन चेंडू काढणं. मला विचाराल तर स्टॉपर इतक्या वेळा जमिनीवर पडत असेल तर बघणारा आधी हेच विचारेल की हा उशिरा का पोचतो.

देशातल्या सर्वांत नावाजलेल्या स्टॉपरचं उदाहरण मग आम्ही सविस्तर घेतलं. संदेश झिंगन, जन्म १९९३, चंडीगढचा. २०१४ मध्ये आयएसएलच्या पहिल्याच हंगामात उदयोन्मुख खेळाडूचा पुरस्कार, नंतर केरळ ब्लास्टर्सचा आधारस्तंभ. इतका, की २०२० मध्ये तो गेल्यावर क्लबानं त्याची २१ नंबरची जर्सी निवृत्त केली. त्याआधी गुडघ्याच्या लिगामेंटच्या दुखापतीनं त्याचा २०१९-२० चा अख्खा हंगाम गेला होता. तिथून उठून तो कोलकात्याच्या एटीके मोहन बागानकडून खेळला, २०२०-२१ मध्ये अंतिम फेरीपर्यंत गेला, आणि २०२१ च्या ऑगस्टमध्ये क्रोएशियातल्या शिबेनिक या क्लबात दाखल झाला. देशाच्या पहिल्या श्रेणीतला क्लब. वय २८, म्हणजे स्टॉपरसाठी ऐन बहराचं. भारतीय संघाचा नियमित खेळाडू.

तिथं सरावातच दुखापत झाली. लीगमध्ये एकही सामना न खेळता जानेवारी २०२२ मध्ये तो परत एटीके मोहन बागानमध्ये होता.

मुलगा लगेच म्हणाला, “म्हणजे तो फेल गेला.” मी त्याला पुढचं वाचायला लावलं. परतल्यावर झिंगन बंगळुरूकडून खेळला, ड्युरंड चषक जिंकला, पुढे गोव्याकडे गेला, भारतीय संघातली जागाही राखली. युरोपातला तो अर्धा हंगाम त्याला महागात पडला पण बुडवून गेला नाही, कारण जाताना तो पूर्ण घडलेला खेळाडू होता आणि परत उभं राहायला इथं त्याची जागा होती. सतरा वर्षांच्या मुलाची पोटरी तिथं दुखावली असती तर? दवाखान्याचा खर्च कोणाचा, एमआरआय कोण करणार, परतीचं तिकीट कोण काढणार, आणि परत आल्यावर कोणत्या संघाला त्याचं नाव आठवणार? बारा पानांत विम्याचा उल्लेख एकदाच होता: खेळाडूनं आपापला काढावा.

दुसरं उदाहरण गोलकीपरचं आहे, पण बचावाच्या गटात तेही बसतं. गुरप्रीतसिंग संधू २०१४ मध्ये नॉर्वेच्या स्टाबेक क्लबात गेला. लीगमधला पहिला सामना मिळायला त्याला २०१६ उजाडलं. त्याच वर्षी युरोपा लीगच्या पात्रता फेरीत खेळणारा तो पहिला भारतीय ठरला. जवळजवळ दोन वर्षं बाकावर. ती वर्षं त्याला काढता आली, कारण त्याच्या हातात व्यावसायिक करार होता, पगार होता, क्लबाचे डॉक्टर होते. आमच्या मुलाच्या बाबतीत थांबण्याचे पैसे त्याच्याच घरून जाणार होते.

इंग्लंडचं स्वप्न तर पहिल्याच दिवशी बाजूला ठेवलं. तिथल्या परवानगीच्या गुणपद्धतीत राष्ट्रीय संघाकडून खेळल्याचे गुण फिफा क्रमवारीतल्या पहिल्या ५० देशांनाच मिळतात. भारत त्याच्या आसपासही नाही.

नाशिकच्या क्लबाचे पैसे

हा भाग बहुतेक घरांना माहीत नसतो, आणि मध्यस्थ तो सांगत नाहीत. खेळाडू पहिल्यांदा परदेशात व्यावसायिक म्हणून नोंदला गेला की १२ व्या वर्षापासून त्याला घडवणाऱ्या क्लबांना प्रशिक्षण भरपाई मिळायला हवी. रक्कम नव्या क्लबाच्या श्रेणीवर ठरते. ही श्रेणी लीगची नव्हे, भरपाईसाठी क्लबांची केलेली वेगळी वर्गवारी. युरोपात तिसऱ्या श्रेणीच्या क्लबासाठी वर्षाला ३०,००० युरो. पहिली चार वर्षं, म्हणजे १२ ते १५ वयातली, चौथ्या श्रेणीच्या दरानं, १०,००० युरोप्रमाणे मोजतात. आमच्या मुलाचा अठराव्या वर्षापर्यंतचा ढोबळ हिशोब केला तर चार वर्षांचे ४०,००० आणि पुढच्या दोन वर्षांचे ६०,०००, मिळून एक लाख युरो. चौथ्या श्रेणीच्या क्लबात गेला तर भरपाई शून्य. हौशी म्हणून नोंदला तरी शून्य.

आता त्या छोट्या युरोपीय क्लबाच्या जागी बसून बघा. कधी न बघितलेल्या नाशिकच्या पोराला व्यावसायिक करार द्यायचा तर पगारावर वर हे बिल येऊ शकतं. म्हणून सोपी वाट काय, तर त्याला हौशी म्हणून ठेवायचं आणि वर घरच्यांकडूनच पैसे घ्यायचे. हौशी खेळाडूला पगाराचं संरक्षण नसतं. व्यावसायिकाला दोन महिन्यांचा पगार थकला तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन करार मोडता येतो, भरपाई मागता येते. हौशी मुलगा काय मोडणार? त्याच्याकडे मोडायला करारच नाही.

म्हणून आम्ही त्याच्या नाशिकच्या क्लबाच्या सेक्रेटरींना बोलावलं. सेक्रेटरी म्हणाले, “पोराचं भलं होत असेल तर आम्ही लिहून देऊ, भरपाई नको.” मी त्यांना थांबवलं. आज, कोणताही क्लब समोर नसताना, असं कोरं पत्र मध्यस्थाच्या हातात द्यायचं नाही. खरा क्लब खरा करार घेऊन येईल तेव्हा, त्या क्लबाच्या नावानं, तेवढ्यापुरतं. आणि भरपाई सोडली तरी पुढे कधी बदली शुल्क देऊन तो दुसरीकडे गेला तर त्यातले ५ टक्के त्याला घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात, तो हक्क वेगळा आहे. ज्या क्लबाकडे गोलपोस्टच्या जाळ्या बदलायला पैसे नाहीत त्यानं हे समजून घ्यायला हवं, एवढंच माझं म्हणणं होतं.

घरातली बैठक

रविवारी संध्याकाळी बसलो. मामा नाशिकरोडहून आले होते, त्यांचं मत पक्कं होतं: पोराला जाऊ द्या, पैसे पुन्हा येतील, वय येणार नाही. आईचा मुद्दा बारावीचा होता. “फेब्रुवारीत बोर्ड आहे. तिकडे दहा महिने सामना नाही आणि इकडे परीक्षा नाही, मग हा करणार काय?” राज्य पातळीवर खेळून क्रीडा गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, हेही त्यांना ठाऊक होतं. मामा म्हणाले, “ताई, तू नोकरीचंच बघतेस.” त्यावर आईनं “मग कोण बघणार?” एवढंच विचारलं. मामांना उत्तर सुचलं नाही, मलाही नाही.

मुलगा गप्प होता. शेवटी म्हणाला, “पप्पा, मला तिकडे जाऊन फक्त प्रॅक्टिस नाही करायची. मॅच खेळायचीय.” त्याच्या तोंडून हे आल्यामुळे निर्णय सोपा झाला.

पाच लाख भरले नाहीत. मध्यस्थानं आठवडाभर फोन केले, मग रक्कम नऊ लाखांवर आणली, मग ‘सीट भरली’ असा मेसेज टाकला.

नंतर

दिवाळीनंतर तो मुंबईतल्या एका क्लबाच्या १८ वर्षांखालच्या संघाकडे गेला. क्लब बदलाची नोंद भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या खेळाडू-नोंदणी प्रणालीत रीतसर झाली. शनिवार-रविवार सामने, सोमवारी सकाळी पंचवटी एक्स्प्रेसच्या उलट दिशेनं परतीचा प्रवास, मग क्लास. अभ्यासाचे हाल झाले, हे खोटं कशाला सांगू. पण सामने मिळाले, आणि सगळे संपूर्ण चित्रित झाले. चुलतभाऊ ट्रायपॉड घेऊन जायचा. क्लबाच्या फिजिओनं त्याच्या मांडीच्या मागच्या स्नायूंचा कमकुवतपणा पकडला. जिममध्ये आधी फक्त छाती आणि दंड चालू होते.

मार्चमध्ये अठरा पूर्ण झाली, बारावीही सुटला. त्यानंतर परवाना असलेल्या एका एजंटमार्फत पोर्तुगालच्याच दुसऱ्या एका क्लबानं थेट क्लबाच्या ईमेलवरून तीन पूर्ण सामने मागवले. त्यातला एक ३-० नं हरलेला हवा होता, कारण ‘मागे पडल्यावर स्टॉपर कुठं उभा राहतो ते बघायचंय’. पैसे मागितलेले नाहीत. चाचणीला बोलावलं तर राहण्याचा खर्च आणि विमा क्लबाचा, तिकीट घरचं, असं लेखी आलंय. होकार अजून आलेला नाही, आणि कदाचित येणारही नाही. मुंबईचा क्लब त्याला पुढच्या हंगामात वरिष्ठ संघाबरोबर सरावाला घेणार आहे, ती जागा त्यानं सोडलेली नाही.

सध्या अडलंय ते त्याच्या खेळाडू पासपोर्टवर, म्हणजे कोणत्या वयात तो कोणत्या क्लबाकडे नोंदलेला होता त्या कागदावर. १३ ते १५ या वयाची नोंद कुठल्याच क्लबाकडे नाही, कारण तेव्हा तो फक्त शाळेकडून खेळायचा, आणि महासंघाशी संलग्न नसलेल्या शाळेला भरपाईवर हक्क सांगता येत नाही. ती वर्षं वगळली की भरपाईचं बिल कमी होतं, पोर्तुगालच्या क्लबाला हलकं वाटतं. पण सेक्रेटरींचं म्हणणं आहे की त्याच वर्षांत तो संध्याकाळी त्यांच्याकडेच सरावाला यायचा, हजेरीची वही आहे. नोंदणी नसताना वहीला किती किंमत द्यायची यावर जिल्हा संघटनेकडे अर्ज गेलाय.